नळीतून काय निघालं ते लिही

नेर, ३ नोव्हेंबर १९५८

डोंगरसिंग,

वर नमस्कार लिहिलेला नाही, कारण तो मनात नाही. शुक्रवारी तुझं इंजिन जाम झालं. फटफटी माझी असली तरी इंजिन तुझंच म्हणतो. दसऱ्याच्या आधी सहा दिवस माझ्या ओसरीवर मांडी घालून तूच ते जुळवलंस आणि जाताना छाती ठोकून सांगितलंस, "बबन, आता वीस वर्सं याच्याकडं पाहू नको." वीस वर्षं राहू दे, दहा दिवसही धड गेले नाहीत.

यवतमाळहून परत येत होतो. नेर सहा मैलांवर राहिलं असेल. आतून खडखड आवाज आला, मागचं चाक एकाएकी थांबलं आणि मी सडकेवर. डाव्या खांद्याचं हाड मोडलं आहे, हात गळ्यात बांधला आहे. मैना मागे बसलेली नव्हती हेच नशीब.

पण खरी गोष्ट पुढे आहे. फटफटी बंडीला बांधून आणावी लागली. कापसाचे दिवस, बाजारात दोनशे बंड्या उभ्या, आणि मधून माझे बैल ती विलायती फटफटी ओढत चाललेले. लोक हसत होते, पोरं मागून "पों पों" करत होती. बारा वर्षं मी याच लोकांना सांगत आलो की कामठीच्या लष्करी लिलावात मिळालेली ही गाडी एक दिवस धावेल, आणि तिला धावती करणारा माणूस माझा लढाईतला दोस्त आहे.

यवतमाळचा मिस्त्री येऊन इंजिन उघडून गेला. खालचं मोठं बेरिंग जळून निळं पडलं आहे. तो म्हणाला, "हा जुना माल हाय, कोणीतरी काढलेलं बसवलं." तू मला नवं म्हणून सांगितलं होतंस. तुझ्या खाणीच्या वर्कशॉपात असलं काढलेलं सामान ढिगाने पडलेलं असतं, हे तूच मला एकदा बोलला होतास. खरं काय ते लिही.

बबन

वणी, ८ नोव्हेंबर १९५८

बबन,

तुझा खांदा मोडला हे वाचून वाईट वाटलं. पुढचं वाचून वाटलं की दुसराही मोडला असता तर चाललं असतं, निदान हे पत्र तरी लिहून झालं नसतं.

बेरिंग मी कामठीच्या बाजारातून आणलं, लष्कराचा जुना माल विकतात तिथून. तेलकट कागदात गुंडाळलेलं होतं, वर सुतळी. तो कागद तुझ्या ओसरीवर मैनावहिनींनी स्वतःच्या हाताने सोडला आणि म्हणाल्या, "काय चमकते हो, पाटल्या कराव्या याच्या." तूही हसलास. त्या दिवशी तुला ते जुनं दिसलं नाही, आणि आज कोणा वाटसरू मिस्त्रीच्या सांगण्यावरून दिसलं.

आता नीट ऐक. बेरिंग जुनं असलं तर आधी वाजतं, महिनोन् महिने वाजतं, मग झिजतं. निळं पडतं ते तेल न मिळाल्याने. तुझ्या इंजिनाला तेल पोचलं नाही. टाकीतून पंपाकडे जी नळी जाते, तिचं वरचं तोंड मी निघताना चिंधीने बंद करून ठेवलं होतं, कारण टाकी अजून बसायची होती आणि तुझ्या घरी कोंबड्यांपासून कापसापर्यंत सगळं ओसरीवर उडत असतं. दहादा सांगितलं होतं, टाकी बसवताना चिंधी काढ. आणि गाडी सुरू केली की दर वेळी टाकीचं झाकण उघडून बघ, परतीचं तेल आत पडतं का. बघितलंस?

मला तर वाटतं, तू ती चिंधी तशीच आत ठेवून नळी जोडलीस. इंफाळच्या रस्त्यावर तू ट्रकच्या रेडिएटरचं झाकण तीन वेळा विसरला होतास, हे मी विसरलेलो नाही. नळी सोड आणि बघ. मिस्त्रीने ती सोडली नसणार, सोडली असती तर बेरिंगाला शिव्या दिल्या नसत्या. नळीतून काय निघालं ते लिही. मग माफी माग, मी ती लगेच देणार नाही.

डोंगरसिंग

नेर, १६ नोव्हेंबर १९५८

डोंगरसिंग,

दिवाळी एका हाताने केली. तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आलं, त्यामुळे सणाचीही चव गेली.

चिंधी मी विसरलो नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी माझ्या हाताने काढली, मैना साक्षीला आहे. नंतर टाकी बसवली, नळी आवळली, तेल भरलं. पहिल्या दिवशी झाकण उघडून पाहिलं, तेल पडत होतं. रोज रोज झाकण उघडत बसायला मी काही तुझ्यासारखा खाणीतला नोकर नाही, मला शेत आहे, कापूस वेचायला आला आहे. नळी सोडणार नाही. चूक तू करायची आणि शोध मी माझ्या घरात घ्यायचा, हे कोणी शिकवलं तुला?

बाजारात लोक विचारतात, "लमाणाच्या हाती काहून देल्लं इंजिन?" आजवर मी असं बोलणाऱ्याचं तोंड बंद करत आलो. भर बाजारात भांडलो आहे तुझ्यासाठी. आता वाटतं, लोक काही उगाच बोलत नाहीत. माणूस शेवटी आपल्या वळणावर जातो.

एक गोष्ट तुला कळवून ठेवतो, मागाहून कळलं असं नको. मी तुझ्या खाणीच्या मॅनेजरला पत्र टाकलं आहे. वर्कशॉपचं काढलेलं बेरिंग माझ्या गाडीत बसवलं गेलं आहे असा माझा संशय आहे, एवढंच लिहिलं. खरा असशील तर तुला कशाचं भय?

बबनराव

वणी, २२ नोव्हेंबर १९५८

बबनराव,

तू सही बदललीस, मी मायना बदलतो.

तुझ्या पत्राने मला कामावरून घरी बसवलं आहे. मॅनेजरने ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. वर्कशॉपातला माल मोजायला दोन माणसं लावली आहेत आणि माझी पेटी उघडून माझे स्वतःचे पाने जमिनीवर ओतले. अकरा वर्षं तिथे काम करतो आहे. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा खाली मान घालून ते पाने मोजत होता. २० डिसेंबरला चौकशी आहे. माल कमी भरला नाही तरी तुझं पत्र फायलीत आहे, आणि ते खोटं आहे असं कोणी म्हटल्याशिवाय मला कामावर घेणार नाहीत. हे काम गेलं तर या वयात मला दुसरीकडे कोण उभं करेल? चोर म्हणून काढलेला फिटर कोणत्या वर्कशॉपात घेतात ते तूच सांग.

वळण म्हणालास. आमचं वळण तुला माहीत आहे का? माझा आजा बैलांवर मीठ आणि धान्य लादून परमुलखात जायचा. दुसऱ्याचा माल, सहा सहा महिने वाटेत, सोबत ना शिपाई ना कारकून. गोणीची शिवण उसवलेली दिसली तर तो आधी सांडलेले दाणे वेचायचा आणि मग जेवायचा. हे वळण सोडून मी तुझ्या एका बेरिंगासाठी चोर झालो काय?

माझी याडी, बिजलीबाई, तिला तू आई म्हणत होतास. तिच्या हातची भाकरी खाऊन लढाईला गेलास. नेरच्या बाजारातलं बोलणं चार मैलांवरच्या आमच्या तांड्यात पोचायला एक दिवस लागतो. तिला विहिरीवर बायका विचारतात, "पोरानं काय चोरलं?" तिच्यापाशी राहणारी माझी भावजय कळवते, चार दिवस ती पाणी भरायला उजाडायच्या आधी जाते आहे.

मी तुझ्या पाया पडत नाही. तू मला खरा म्हणावंस अशी भीकही मागत नाही. एकच सांगतो. नळी सोड. पाना क्रमांक पाच, डावीकडे फिरव, दोन मिनिटांचं काम आहे, एका हातानेही होतं. नळी जमिनीवर आपट. जे निघेल ते लिही. काहीच निघालं नाही तर तेही लिही, मी गप्प बसून चोरी कबूल करीन.

डोंगरसिंग

नेर, १० डिसेंबर १९५८

डोंगरभाऊ,

मी मैना लिहून राह्यली. चौथीपर्यंत शिकली, अक्षर वाकडं हाय, सांभायून घ्या.

हे आज तुमाले लिहिणार नाहीत, म्हणून म्या लिहायले बसली. तुमचं पत्र आलं तवा त्यायनं ते दोन दिवस खिशात ठेवलं. मंग पंचवीस तारखेले दुपारी ओसरीवर नळी सोडली. म्या घरातून पाहून राह्यली होती. नळी आपटली, त्यातून काहीतरी पडलं. हे बसले ते बसलेच. पाणी देल्लं तरी पेले नाही. मंग ते उचलून तंबाखूच्या डब्बीत टाकलं आन् डब्बी धान्याच्या कोठीमागं ठेवली.

काल कोठी झाडता झाडता डब्बी सापडली. उघडून पाह्यलं तं हयद-कुंकवाचा गोया, काया पडलेला, आन् त्यात तांदूय. मोजले. पाच निंघाले.

भाऊ, हे तांदूय आमचेच. दसऱ्याले नांगराची, विळ्याची पूजा केली, मंग हे म्हणले, फटफटीची भी करू. नळीच्या तोंडात तुमची चिंधी होती, जुन्या पायजम्याची. म्याच म्हणली, "सनासुदीले देवाच्या तोंडात पायजम्याची चिंधी कायले?" हे म्हणले, "खरंच." चिंधी काढली. पूजा तं तोंडालेच करतात, म्हणून म्या नळीच्या तोंडाले हयद-कुंकू लावलं आन् पाच अक्षता यायनं वाह्यल्या. त्या आत गेल्या असतीन हे कोणाच्या ध्यानात आलं? आमच्या हाती नांगर असते, त्याले तोंड असते पण पोट नसते.

चूक माही भी हाय. म्या यायले काल म्हणली, "आत्ताच्या आत्ता वणीले जा, सांगा." हे म्हणले, "सगळ्या बाजारात बोललो, आता कोन्या तोंडानं जाऊ? काही दिवसानं लोक इसरतीन." म्या म्हणली, "लोक इसरतीन, पण डोंगरभाऊची नोकरी तं जाईन." तं माह्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. चौदा वर्सांत पैल्यांदा.

म्या चूल पेटवून राह्यली पोरायसाठी. यायच्या ताटात काल रात्रीपासून काही वाढलं नाही. पत्र लिहितीन तवा वाढीन. डब्बी माह्यापाशी हाय. लागली तं मी सोता घेऊन यीन, मले एसटीचं भेव नाही.

तुमची बहीण
मैना

वणी, १५ डिसेंबर १९५८

बबनराव,

मैनावहिनींचं पत्र मिळालं. त्यांना दोष देऊ नकोस आणि त्यांच्यावर पुन्हा हात उगारलास तर मी तुझा उजवा खांदाही बघून घेईन. हे दोस्तीत लिहीत नाही.

तुला वाटत असेल, तांदळाचं कळल्यावर मी चिडलो. नाही, मी हसलो. खोटं नाही सांगत, एकटा बसून हसलो. पूजा मीही करतो. माझ्या पान्यांना, हातोडीला, खाणीतल्या पंपालासुद्धा कुंकू लावतो. पण बाहेरून लावतो. देवाला बाहेरूनही दिसतं. ज्याने आयुष्यभर नांगर पाहिला त्याला इंजिनाचं पोट कसं कळावं, आणि मीही चिंधी कशासाठी आहे हे समजावून न सांगता निघून गेलो. ही चूक तू पहिल्याच दिवशी सांगितली असतीस तर मी पुढच्या गाडीने आलो असतो, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि नवं बेरिंग बसवून दिलं असतं.

पण पंचवीस तारखेपासून दहा तारखेपर्यंत पंधरा दिवस होतात. पंधरा दिवस तुला माहीत होतं की मी चोर नाही. पंधरा दिवस तू जेवलास, झोपलास, कापूस विकलास. माझी आई अंधारात विहिरीवर जात होती आणि ते तुला माझ्याच पत्रातून कळलं होतं. संशय घेतलास तो रागात घेतलास, तो मी कधीतरी गिळला असता. हे पंधरा दिवस मला गिळता येत नाहीत. लढाईत तुझ्या शेजारी झोपलो त्याची मला आता लाज वाटते.

२० तारखेला सकाळी दहा वाजता मॅनेजरच्या कचेरीत ये. डबी घेऊन ये. जे झालं ते तुझ्या तोंडाने सांग. त्यानंतर आमच्या तांड्यात जा. आमच्याकडे ज्याने माणसाचं नाव खराब केलं त्याने तांड्याच्या नायकासमोर, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडाने ते साफ करायचं असतं. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही. सेवादास नायकाला मी कळवलं आहे. नाही गेलास तरी मी काही करणार नाही. फक्त तुझं नाव माझ्या घरात पुन्हा निघणार नाही.

डोंगरसिंग

नेर, २९ डिसेंबर १९५८

डोंगरसिंग,

वणीला तू व्हरांड्यातल्या बाकावर बसला होतास आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी डबी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं, माझ्या पूजेच्या अक्षता. कचेरीतला कारकून हसला. तू उघड्या दारातून दिसत होतास, तू हसला नाहीस. तुला कामावर घेतलं हे ऐकून मी निघालो, तुझी वाट पाहिली नाही, कारण तू येणार नव्हतास.

काल रविवारी तांड्यात गेलो. मैना सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. कडुनिंबाखाली सेवादास नायक बसले होते, भोवती माणसं, मागे बायका. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. अक्षता, पत्र, बाजारातलं बोलणं आणि ते पंधरा दिवससुद्धा. पंधरा दिवस सांगायचे नव्हते, पण तुझी आई समोर बसली होती आणि तिने डोळे माझ्यावरून हलवले नाहीत.

नायक म्हणाले, "झालं, बोलला, मोकळा झाला." मला वाटलं सुटलो. तेवढ्यात तुझी आई उठली. म्हणाली, "हा इथं बोलला ते इथं बसलेल्यायनं ऐकलं. माह्या पोराले चोर म्हणलं ते तं घरोघर गेलतं. विहिरीवर गेलतं. आता हे भी घरोघर जाईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅनेजरले कागद लिवला होता ना? आता भी लिव. आन् दारोदार वाचून दाखव."

डोंगर, मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला. कोपऱ्यात बसून कागद लिहिला, तो लाजेने की रागाने ते मलाच कळत नव्हतं. बेचाळीस घरं आहेत तुमच्या तांड्यात. बेचाळीस दारांत उभा राहून मी वाचलं, "मी बबनराव, राहणार नेर, डोंगरसिंग याच्यावर चोरीचा खोटा आळ घेतला." काही घरी म्हाताऱ्यांना ऐकू येत नव्हतं, तिथे ओरडून वाचलं. एका घरी बाई दळत होती, ती जातं थांबवायला तयार होईना, दळण संपेपर्यंत उभा राहिलो. विसाव्या घरापर्यंत राग होता. त्यानंतर घसा बसला आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

शेवटचं दार तुझ्या आईचं. तिथेही वाचलं. ती सगळं ऐकत उभी राहिली, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. वाचून झाल्यावर तिने मला पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही. कागद हातातून घेतला आणि म्हणाली, "जा आता. मी उद्या दिवसाउजेडी पाण्याले जाईन."

मला तुझी माफी नको, म्हणजे मागायचं तोंड नाही. इंजिन ओसरीवर आहे तसंच पडून आहे. यवतमाळच्या मिस्त्रीला हात लावू दिला नाही. भंगारात द्यावं का, एवढं सांग.

बबन

वणी, ५ जानेवारी १९५९

बबन,

भंगारात देऊ नकोस.

येत्या रविवारी पहिल्या एसटीने येतो. बेरिंग कामठीहून मागवलं आहे. माझ्या येण्याआधी सगळे भाग मातीच्या तेलात धुऊन स्वच्छ धोतरावर मांडून ठेव, आणि वहिनींना सांग की जेवायला मी त्यांच्याकडे आहे, तुझ्याकडे नाही.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल की नाही हे मला माहीत नाही, आणि तू विचारू नकोस. दिवसभर काम चालेल. पाना मागितला की पाना द्यायचा, तेल मागितलं की तेल द्यायचं. तू तोंड उघडलंस तर मी काम आहे तिथे टाकून उठेन. मी स्वतः बोलेपर्यंत बोलायचं नाही, मग त्याला संध्याकाळ लागो की पुढचा रविवार.

डोंगरसिंग